सिमिलीपालचे काळे वाघ : बदल झाला हे मान्य, पण निवड झाली का?

रानभूल

एक फोटो बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलातला, जवळजवळ काळा दिसणारा वाघ. खालच्या मजकुराचा सारांश असा, की घनदाट जंगलात लपायला बरं पडावं म्हणून इथले वाघ काळे होत चालले आहेत आणि नैसर्गिक निवडीचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. फोटो खरा आहे, वाघ खरे आहेत, तिथे उत्क्रांती घडली हेही खरं. पण नैसर्गिक निवडीचं उदाहरण म्हणून हा वाघ अगदीच चुकीचा आहे. उलट उत्क्रांती वेगळी आणि नैसर्गिक निवड वेगळी, हे समजावून सांगायला आपल्या देशात याच्याइतका सोयीचा प्राणी मिळणार नाही. म्हणून हा धागा.

आधी माहिती. हे वाघ पूर्ण काळे नसतात. पट्टे इतके रुंद होतात की एकमेकांत मिसळतात आणि मधला पिवळा रंग फटींपुरता उरतो. याला स्यूडोमेलॅनिझम म्हणतात. २०२१ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी यावरचा अभ्यास पीएनएएस या नियतकालिकात छापला. प्राणिसंग्रहालयांतल्या वाघांची कुटुंबं तपासून त्यांनी कारण शोधलं : टॅकपेप नावाच्या जनुकातला एक बारीक बदल. याच जनुकातल्या बदलांमुळे घरच्या मांजरांच्या अंगावर सरळ पट्ट्यांऐवजी मोठे वळसे उमटतात आणि आफ्रिकेतल्या चित्त्याचा 'किंग चीता' होतो. वाघातला बदल अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बदललेली प्रत आली तरच पिल्लू काळं.

मग ते जंगलाकडे वळले. वाघाला हात न लावता मिळणाऱ्या नमुन्यांवरून सिमिलीपालच्या १२ वाघांचं हे जनुक वाचलं. प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २४. त्यातल्या १४ बदललेल्या निघाल्या, प्रमाण ०.५८. बाकी ठिकाणच्या ३९५ वाघांमध्ये ही प्रत एकाकडेही नव्हती.

समूहात एखाद्या जनुकाच्या आवृत्तीचं प्रमाण पिढ्यांगणिक बदललं की उत्क्रांती झाली. व्याख्या एवढीच. का बदललं, भल्यासाठी की बुऱ्यासाठी, याबद्दल ती काही बोलत नाही. नैसर्गिक निवड हे त्या बदलाचं एक संभाव्य कारण आहे, आणि त्याला अट आहे : ती आवृत्ती बाळगणाऱ्यांची पिल्लं तिच्यामुळेच जास्त जगायला हवीत. प्रमाण इतर कारणांनीही बदलतं. नवं म्युटेशन, म्हणजे जनुकात आपोआप बदल, होतं, बाहेरून प्राणी येतात किंवा जातात, आणि समूह लहान असला की निव्वळ योगायोगाने कोणाची तरी जनुकं पुढे जातात आणि कोणाची जात नाहीत. हा शेवटचा प्रकार म्हणजे जेनेटिक ड्रिफ्ट.

सिमिलीपालचे वाघ मोजके आहेत आणि देशातल्या इतर वाघांपासून तुटलेले आहेत. सुरुवातीच्या थोड्या वाघांपैकी एखाद्याकडे ही प्रत असणं आणि मग नात्यात नाती होत ती पसरणं, एवढ्यानेही हे प्रमाण येऊ शकतं, असं त्या गटाच्या संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये दिसलं. निवडीचा वाटा शून्यच आहे, असं सिद्ध झालेलं नाही. पण तिला मध्ये आणण्याची गरज अजून पडलेली नाही.

खवचट आजोबा

म्हणजे वाघ काळा का झाला, तर "असंच". एवढं सांगायला जीनोम लागला. अहो, जंगल दाट, सावली दाट, काळा वाघ कमी दिसतो, सांबराला उशिरा कळतं, वाघाचं पोट भरतं. यात न पटण्यासारखं काय आहे?

रानभूल

आजोबा, न पटण्यासारखं काहीच नाही, अडचण तीच आहे. कुठल्याही प्राण्याच्या कुठल्याही रंगाला अशी पटणारी गोष्ट बसल्या जागी रचता येते. वाघ पांढरे झाले असते तर चांदण्यात मिसळून जातात म्हणालो असतो. काळ्या वाघांची पिल्लं साध्या वाघांच्या पिल्लांपेक्षा जास्त जगतात का, हे कोणी मोजून दाखवलं तर मी तुमच्या बाजूने.

मृद्गंध

पांढऱ्या वाघांवरून विचारते. मग त्यांचं काय? ते तर जगभर झाले.

रानभूल

ती तर सरळ माणसाने केलेली निवड. १९५१ मध्ये रेवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. पुढे त्याचा त्याच्याच मुलीशी, राधाशी, संकर केला तेव्हा १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. जंगलात मात्र पांढरा वाघ संपला.

सरासरी माणूस

धागा आवडला. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी ती चुकीच्या बाजूने वापरणार. "बाकीच्या ३९५ वाघांत काळी प्रत नाही, म्हणजे निवड नाही" असं म्हणता येत नाही. ती प्रत तिथे कधी पोचलीच नसेल तर निवड होणार कशाची? सुंदरबन कितीही दाट असो.

त्या अभ्यासातला खरा पुरावा दुसरीकडे आहे आणि बातम्यांत तो जवळजवळ कुठेच आला नाही. दोन समूह एकमेकांपासून किती वेगळे झालेत हे मोजायला एफएसटी नावाचा आकडा वापरतात, ० म्हणजे काहीच फरक नाही आणि १ म्हणजे पूर्ण वेगळे. टॅकपेपच्या त्या जागेवर हा आकडा ०.३३ आला. मोठा आहे. पण रंगाशी काडीचा संबंध नसलेल्या इतर जागांशी तुलना केली तेव्हा हा आकडा त्यांच्यातून उठून दिसला नाही. निवड होत असती तर ती या एका जनुकाला पकडून वर ओढते, शेजारपाजारच्या डीएनएला फार तर थोडं. समूह तुटला आणि आक्रसला की मात्र सगळ्याच जागा आपापल्या दिशेला भरकटतात. सिमिलीपालमध्ये दिसतं ते दुसऱ्या प्रकारचं. शिवाय तपासलेल्या ८१ जागांवर तिथल्या वाघांमधलं वैविध्यही कमी भरलं, जे लहान समूहाचं लक्षण.

योगायोगाने एवढा बदल होतो यावर विश्वास बसत नाही अशांसाठी पीटर बुरीचा १९५६ चा प्रयोग. फळमाश्यांचे १०७ समूह, प्रत्येकात ८ नर आणि ८ माद्या. सगळ्या समूहांत डोळ्यांच्या रंगाच्या जनुकाच्या दोन आवृत्त्या निम्म्या-निम्म्या. दर पिढीत पुन्हा १६ माश्या चिमट्याने कशाही उचलायच्या आणि पुढच्या बाटलीत सोडायच्या. १९ पिढ्यांनंतर ३० समूहांतून एक आवृत्ती साफ नाहीशी झाली होती आणि २८ समूहांत तीच आवृत्ती १०० टक्के झाली होती. खाणं तेच, तापमान तेच. कोणी एकच बाटली पाहिली असती तर "या डोळ्यांना काहीतरी फायदा असणार" असं म्हणाला असता. सिमिलीपाल ही एकच बाटली आहे.

मृद्गंध

"सिमिलीपाल ही एकच बाटली आहे" हे वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरते.

दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. मुलं डार्विन आणि लॅमार्कमधला फरक घडाघडा लिहितात, जिराफाच्या मानेसकट. पण उत्क्रांती म्हणजे काय असं विचारलं की उत्तर येतं "नैसर्गिक निवड", आणि नैसर्गिक निवड म्हणजे काय विचारलं की "उत्क्रांती". मी ड्रिफ्टसाठी आडनावांचं उदाहरण देते. लहान वाडीत चार आडनावांची घरं असतात. एका घरात सलग दोन पिढ्या मुलीच झाल्या, दुसऱ्यातली मुलं मुंबईला गेली, आणि पन्नास वर्षांनी वाडीत एकाच आडनावाची घरं उरली. त्या आडनावात काही गुण होता म्हणून नव्हे. हे मुलांना लगेच कळतं, कारण प्रत्येकाला अशी एक वाडी माहीत असते.

काडेपेटी

थोडक्यात डार्विन चुकला हे तुम्हीच मान्य केलंत. 😄 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनी पानं

काडेपेटी, नेहमीप्रमाणे ओली काडी.

डार्विनने दोन वेगवेगळे दावे केले होते. एक, सजीव बदलत आले आहेत आणि त्यांचे पूर्वज समान आहेत. दोन, या बदलामागचं मुख्य कारण नैसर्गिक निवड. सजीव बदलत आले आहेत हे त्याच्या आधीही अनेकांनी म्हटलं होतं, लॅमार्कने १८०९ मध्येच. दुसरा त्याचा आणि वॉलेसचा. दोघांचे लेख १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. आता गंमत अशी की १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आल्यावर दहा-वीस वर्षांत बहुतेक निसर्गशास्त्रज्ञांनी पहिला दावा मान्य केला, पण दुसरा पुढची साठ-सत्तर वर्षं लटकत राहिला. कारणही खरं होतं. आई-बापाचे गुण रंगासारखे मिसळतात अशी समजूत असताना चांगला गुण दोन-चार पिढ्यांत पातळ होणार, हा फ्लीमिंग जेनकिनचा १८६७ चा आक्षेप डार्विनला नीट परतवता आला नाही. गुण मिसळत नाहीत, अखंड पुढे जातात हे दाखवणारं मेंडेलचं काम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आलं, आणि गणिती मंडळींनी त्याचा आणि निवडीचा सांधा जुळवला तेव्हा कुठे निवडीचे पाय जमिनीला लागले. त्या मंडळींपैकी रोनाल्ड फिशरच्या १९३० च्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य आहे : नैसर्गिक निवड म्हणजे उत्क्रांती नव्हे. आणि हा निवडीचा कट्टर पुरस्कर्ता बरं का! योगायोगाला महत्त्व देणाऱ्या सूअल राइटशी त्याचं आयुष्यभर वाजलं.

त्या गणिती मंडळींतला तिसरा जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ मध्ये तो भारतात आला, आधी कोलकात्यात आणि मग भुवनेश्वरमध्ये राहिला, तिथेच १९६४ मध्ये गेला. ज्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात असे काळे वाघ ठेवलेत ते त्याच शहरात.

खवचट आजोबा

इतिहास छान. पण इंग्लंडच्या काळ्या पतंगाचं काय मग, धुराने काळ्या पडलेल्या झाडांवर लपणाऱ्या त्या किड्याचं? आमच्या वेळी पुस्तकात तेच होतं. तिथेही काळा रंग, तिथेही प्रमाण वाढलं. पतंगाला निवड आणि वाघाला लॉटरी, हा भेदभाव का?

सरासरी माणूस

आजोबा, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न.

मँचेस्टरमध्ये काळा पतंग पहिल्यांदा १८४८ मध्ये नोंदला गेला आणि शतक संपेपर्यंत तिथले बहुतेक पतंग काळे होते. वर्षाला एक पिढी, म्हणजे जेमतेम पन्नास पिढ्या. पतंगांची संख्या प्रचंड. एवढ्या मोठ्या समूहात योगायोग इतक्या वेगाने एकाच दिशेने जात नाही. हाल्डेनने १९२४ मध्ये गणित मांडलं की हा वेग गाठायला काळ्या पतंगांची संतती साध्यांच्या दीडपट तरी हवी. दुसरं, हे एका गावात घडलं नाही. जिथे जिथे कारखान्यांचा धूर होता तिथे तिथे घडलं. बुरीच्या बाटल्या आठवा, काही इकडे आणि जवळपास तेवढ्याच तिकडे गेल्या होत्या. इथे सगळ्या धुराच्या बाटल्या एकाच बाजूला गेल्या. तिसरं, १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर कमी झाला आणि काळ्या पतंगांचं प्रमाण पुन्हा घसरलं. चौथं, पक्षी कोणता पतंग जास्त टिपतात हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. केटलवेलच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांवर टीका झाली होती, म्हणून मायकेल मजेरसने २००१ पासून काही वर्षं खपून ते पुन्हा केले, तेव्हाही पक्ष्यांचंच काम निघालं.

या चारपैकी वाघाच्या बाबतीत आपल्याकडे एकही नाही.

बोंडवाला

मी यवतमाळकडचा, कपाशीवाला. वाघाचं तुम्ही बघा, निवडीचं चालतंबोलतं उदाहरण आमच्या वावरात आहे. गुलाबी बोंडअळी.

बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी, २००२ ला आली, तिचा पुढचा बीजी-२ वाण २००६ ला. पहिली काही वर्षं बोंडअळी दिसेना, फवारण्या घटल्या. मग हळूहळू फुलं डोमकळ्या (आत अळी शिरल्याने न उमलता मिटलेली) व्हायला लागली आणि २०१७ ला विदर्भात बोंडं फोडली की आत अळी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ठिकठिकाणच्या अळ्या आणून, बीटीचं विष मिसळलेल्या खाद्यावर वाढवून मोजलं होतं, की पूर्वी ज्या मात्रेने मरायच्या त्याने आता मरत नाहीत. म्हणजे नुसतं प्रमाण बदललं असं नाही, कशामुळे बदललं ते दिसतंय. विष प्यायली, वाचली, तिचीच पिल्लावळ.

पण मला सांगायचंय ते वेगळं. बियाण्याच्या पिशवीसोबत नॉन-बीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची. कडेने लावा म्हणायचे. कोण लावतो? ती ओळ अळीने खाणार हे माहीत असताना जागा कोण घालवणार? बऱ्याच लोकांनी पुडी बांधावर भिरकावली. ती पुडी कशासाठी होती हे कोणी नीट सांगितलं असतं तर कदाचित लावली असती. त्या ओळीवर विष न खाल्लेल्या, साध्या अळ्या वाढणार, त्यांचे पतंग बीटीतल्या वाचलेल्या पतंगांशी जुळणार, आणि पुढच्या पिढीत प्रतिकार पातळ होणार. वर रानभूल यांनी लिहिलं ना, बाहेरून प्राणी आले की प्रमाण बदलतं. निवडीला लगाम घालायला मुद्दाम बाहेरची जनुकं आणायची, अशी ती योजना.

तिकडे अमेरिकन बोंडअळी तुरीवरही जगते, हरभऱ्यावरही. तिला फुकटात नॉन-बीटीचं रान मिळालं, म्हणून ती बीटीला एवढी सरावली नाही. गुलाबी अळीचं पोट कपाशीवरच. त्यात आपण फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड, म्हणजे जुनंच कपाशीचं पीक, उभं ठेवणार.

मृद्गंध

बोंडवाला दादा, हे वेगळा लेख म्हणून लिहा ना, डोमकळीच्या फोटोंसकट.

चंद्रपूरकर

बाहेरून जनुकं आणायचा विषय निघालाच आहे तर. ताडोबातून दोन वाघिणी सिमिलीपालला नेल्या २०२४ च्या शेवटी. आधी जमुना, मग झीनत. झीनत तर तिथून निघून झारखंड करून बंगालमध्ये गेली, २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडली आणि परत आणली. आमच्याकडे लोक टीव्हीसमोर बसून होते, "आपली पोरगी कुठं फिरून राहिली" म्हणत.

माझा प्रश्न सरळ आहे. काळे वाघ ही ओडिशाची शान. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी बारीपदाजवळ काळ्या वाघांची सफारीसुद्धा जाहीर केली. मग ताडोबाच्या साध्या वाघिणी आणून तो रंग घालवायचा कशाला? जंगलाने तो निवडला असेल तर राहू द्या की.

रानभूल

चंद्रपूरकर, हा वाद शब्दांचा उरत नाही तो याच ठिकाणी. काळा रंग निवडीने आला असता, त्याचा वाघांना फायदा असता, तर बाहेरच्या वाघिणी आणताना दहादा विचार करावा लागला असता. स्थानिक जुळवणूक मोडण्याचा धोका असता. पण हा रंग जर लहान, तुटलेल्या समूहातल्या योगायोगाने आणि नात्यातल्या संकराने वाढला असेल, तर रंग हे नुसतं डोळ्यांना दिसणारं चिन्ह. त्याच रस्त्याने इतर किती जनुकांच्या वाईट प्रती वाढल्या असतील ते वरून दिसत नाही. पिल्लं कमी जगणं, रोगांना लवकर बळी पडणं, हे धोके कॅमेऱ्यात कुठून दिसणार. म्हणून बाहेरची वाघीण. शान-बिन ठीक आहे, पण सफारीतले वाघ पिंजऱ्यामागे, त्यांचा रंग कुठे जात नाही.

लालपेशी

बराच वेळ वाचत होते. मी गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं काम केलंय, त्यामुळे उलटी बाजू मांडते. इथे आत्तापर्यंत "बदल आहे पण निवड नाही" आणि "बदलही आहे, निवडही आहे" झालं. निवड आहे पण बदल नाही, असंही असतं.

सिकलची प्रत एका बाजूने आली की एएस, वाहक. दोन्ही बाजूंनी आली की एसएस, रुग्ण. उपचार नव्हते त्या काळात एसएसची बहुतेक मुलं लहानपणीच जायची. म्हणजे या प्रतीविरुद्ध भयंकर कडक निवड. मग ती संपली का नाही? कारण एएस मुलांना फॅल्सिपॅरम मलेरियाच्या जीवघेण्या अवस्थेपासून संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसनने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार असा मलेरियाचा जुना पट्टा आणि सिकलचा पट्टा एकमेकांवर पडतात ते बघा. एका बाजूला सिकलने मुलं जायची, दुसऱ्या बाजूला सिकल नसलेली मुलं मलेरियाने जायची. दोन्हीकडची ओढ जिथे समान होते तिथे प्रमाण थबकतं. दर पिढीत मृत्यू होतायत, निवड पूर्ण जोरात आहे, आणि जनुकाचं प्रमाण मात्र जिथल्या तिथे. उत्क्रांतीच्या आकड्यात काही दिसणार नाही.

सरासरी माणूस

लालपेशी, क्या बात है. यात भर म्हणून : मलेरिया पूर्ण गेला आणि फक्त एसएसविरुद्धची निवड राहिली, उपचारच नाहीत असं धरलं, तरी प्रमाण घसरायला किती वेळ लागेल? सुरुवातीला प्रतीचं प्रमाण १० टक्के धरा. एसएस १ टक्का, एएस १८ टक्के. म्हणजे बहुतेक प्रती वाहकांमध्ये लपलेल्या, निवडीच्या तावडीबाहेर. गणित केलं तर १० टक्क्यांचे ५ व्हायला १० पिढ्या लागतात, साधारण अडीचशे वर्षं. म्हणून "निसर्ग काय ते बघून घेईल" म्हणणाऱ्यांना तपासणी आणि औषधांचं महत्त्व कळत नाही.

लालपेशी

हो, आणि हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध मिळणाऱ्या मुलाला दहा पिढ्यांचं कौतुक नसतं.

खवचट आजोबा

मी अजून हार मानलेली नाही. ओडिशा सरकारची २०२३-२४ ची मोजणी बघा. सिमिलीपालमध्ये २७ वाघ, त्यात १३ काळे. ४८ टक्के. रानभूल यांनी सांगितलेल्या २०२१ च्या अभ्यासात काळे वाघ ३७ टक्के होते. वाढतंय की नाही? निवड चालू आहे!

सरासरी माणूस

आजोबा, २७ चे ३७ टक्के म्हणजे १०. तुमचा सगळा पुरावा तीन वाघांचा आहे. 🙂 एखादी काळी वाघीण तीन पिल्लं जगवते आणि एखादा साधा वाघ म्हातारा होऊन मरतो, एवढ्यात आकडा इतका हलतो. त्यातून दोन्ही मोजण्यांची पद्धत आणि काळ वेगळे. लहान समूहात टक्केवारी अशी डुलते, आणि डुलणं हाच ड्रिफ्ट.

चंद्रपूरकर

मग आमच्या जमुना-झीनतला पिल्लं झाली तर काळी होतील की पिवळी?

रानभूल

पहिल्या पिढीत सगळी पिवळी, बाप कितीही काळा असला तरी. महाराष्ट्रातल्या वाघांत ती प्रत सापडलेलीच नाही, त्यामुळे पिल्लांना बापाकडून फार तर एकच मिळेल. ती वाहक राहतील, आणि पुढे काळ्या वाघांशी जुळली तर त्यांची निम्मी पिल्लं पुन्हा काळी.

म्हणजे काळ्या वाघांची टक्केवारी बहुधा खाली येईल. तेव्हा नवा मजकूर फिरेल की जंगल विरळ झालं म्हणून निसर्गाने काळा रंग नाकारला. ती घसरणसुद्धा उत्क्रांतीच असेल, आणि तिच्यातही निवडीचा हात असेलच असं नाही. ट्रकमधून आलेल्या दोन वाघिणींचा असेल.

खवचट आजोबा

बरं, मग निवड आहे की नाही हे कळणार कसं? की तुम्ही कायम "पुरावा नाही" म्हणत बसणार?

सरासरी माणूस

रानभूल यांनी आत्ता सांगितलेल्या जोड्याच कामाला येतील. वाहक वाघीण आणि काळा वाघ, किंवा उलट. त्यांच्या एकाच वेतात काळी आणि पिवळी पिल्लं निम्मी-निम्मी होण्याची शक्यता. आई तीच, रान तेच, शिकार तीच, वर्षही तेच. आईपासून सुटून स्वतःचा इलाखा धरेपर्यंत कोणती किती उरतात आणि पुढे त्यांना किती पिल्लं होतात, हे मोजायचं. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखता येतो, काळाही, त्यामुळे कॅमेऱ्याने माग ठेवता येईल. मात्र नेहमीच्या व्याघ्रगणनेत वर्षाच्या आतली पिल्लं धरत नाहीत आणि सर्वात जास्त मरतात ती त्याच वयात, म्हणून गणनेचे आकडे इथे पुरणार नाहीत. वेतांची नोंद पहिल्या महिन्यांपासून वेगळी ठेवावी लागेल. अशी वीस-पंचवीस वेतं जमली आणि काळी पिल्लं सातत्याने जास्त तगली, तर तुमचं सांबर खरं.